सदोष खुबा काढल्यानंतर

ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने ‘एएसआर’ नावाचे खुब्याचे कृत्रिम सांधे जगभरातून परत मागवले. तोवर सुमारे ९३ हजार माणसांच्या शरीरात ते बसलेले होते. दुकानातला माल ट्रकमध्ये भरून परत जातो. हाडात ठोकून बसवलेला सांधा दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय बाहेर येत नाही. एएसआरची कल्पना तशी आकर्षक होती. नेहमीच्या कृत्रिम खुब्यात गोळा धातूचा आणि वाटीचे अस्तर प्लॅस्टिकचे असते, आणि ते अस्तर वर्षानुवर्षे झिजत जाते. इथे गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे होते, म्हणजे झीज कमी होईल आणि चाळिशी-पन्नाशीतल्या धावपळीच्या माणसालाही सांधा पुरेल, असा हिशेब होता. पण ही वाटी अर्ध्या गोलापेक्षाही उथळ होती. ती बसवताना कोन थोडा जरी चुकला तरी शरीराचा भार वाटीच्या कडेवर येई, धातूवर धातू घासला जाई आणि डोळ्यांना न दिसणारे कण भोवतालच्या मांसात साचत जात. त्या कणांमुळे सूज येते, द्रवाच्या गाठी होतात, कुल्ल्याचे स्नायू मरतात, हाड खाल्ले जाते. आणि विरघळलेला कोबाल्ट रक्तातून हृदय, कान, डोळे, थायरॉइड यांच्यापर्यंत पोहोचू शकतो.

भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले. केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि त्यातून सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली: या रुग्णांपैकी हजाराच्या थोडे वर एवढेच सापडले. साडेतीन हजारांहून अधिक माणसे कुठे आहेत, त्यांच्या खुब्याचे काय झाले, हे कोणालाच सांगता येईना. सदोष इम्प्लांटबद्दल बोलताना आपण बहुधा दोन प्रश्न वेगळे ठेवतो. आधी बरे होऊ, मग वकिलाकडे जाऊ, असा घरोघरचा क्रम असतो. माझे म्हणणे असे की हा क्रमच रुग्णाला बुडवतो. भारतातला रुग्ण न्यायालयात हरण्याआधी कागदावर हरतो, आणि तो कागद तयार व्हायची किंवा हरवायची वेळ नेमकी शस्त्रक्रियेच्या आणि बरे होण्याच्या काळातली असते. कारण सोपे आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या आहेत. कृत्रिम खुबा पंधरा-वीस वर्षे चालावा अशी अपेक्षा असते. २००५ मध्ये बसवलेल्या सांध्याची फाइल २००८ मध्ये रद्दीत गेली तर रुग्णालयाने नियम मोडला असे म्हणता येत नाही. सांधा परत मागवल्याची घोषणा मात्र २०१० मध्ये झाली, भारताच्या औषध नियंत्रकांची जाहीर सूचना डिसेंबर २०१३ मध्ये आली आणि भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ साल संपत आले.

शरीराकडे आधी पाहू, कारण पुराव्याची सुरुवात तिथूनच होते. सांधा काढून नवा बसवण्याच्या शस्त्रक्रियेला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ‘रिव्हिजन’ म्हणतात, आणि ती पहिल्या शस्त्रक्रियेची पुनरावृत्ती असते हा समज चुकीचा आहे. पहिल्या वेळी झिजलेला पण आपला सांधा काढायचा असतो, भोवतालचे स्नायू धड असतात. रिव्हिजनमध्ये हाडात घट्ट रुजलेली धातूची वाटी सोडवावी लागते, कण साचून काळवंडलेले मांस खरवडून काढावे लागते, मांडीच्या हाडातला दांडाही काढायचा झाला तर कधीकधी हाडाची एक फाक उघडून पुन्हा तारांनी बांधावी लागते. गेलेल्या हाडाच्या जागी हाडाचा चुरा भरावा लागतो. त्यामुळे रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि सांधा निखळणे हे तिन्ही धोके पहिल्यापेक्षा जास्त असतात. धातूच्या कणांनी कुल्ल्याचे स्नायू आधीच मारलेले असतील तर नवा सांधा उत्तम बसूनही माणूस लंगडत राहतो, कारण एका पायावर शरीर तोलून धरणारे तेच स्नायू असतात. हाडाच्या अवस्थेप्रमाणे सहा आठवडे ते तीन महिने त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नसतो; आधी वॉकर, मग काठी. मांडी घालून बसणे नाही, उकिडवे बसणे नाही, पाटावर जेवायला बसणे नाही, जमिनीवरचे काही वाकून उचलणे नाही. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर डिस्चार्जच्या आधीच कमोडची सोय करावी लागते. गाव आणि दवाखाना यांत दोन तासांचे अंतर असेल तर फिजिओथेरपी बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच सुटते, आणि जो स्नायू वाचवता आला असता तोही जातो. फिजिओथेरपीला मी इथे मुद्दाम महत्त्व देतो आहे, कारण रिव्हिजननंतर चाल किती सुधारेल हे ठरवणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी रुग्णाच्या हातात उरतात, त्यांतली ती सर्वांत मोठी आहे.

याच काळात रक्ताची तपासणी सुरू राहिली पाहिजे. निरोगी माणसाच्या रक्तात कोबाल्ट लिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्याही खाली असतो. ब्रिटनच्या नियामकाने २०१० मध्ये धातू-धातू सांध्यांसाठी ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची पातळी ठरवली. सांधा काढल्यावर मूत्रपिंडे नीट असतील तर कोबाल्ट झपाट्याने उतरतो, क्रोमियम बराच सावकाश. उतरत नसेल तर कण अजून कुठे तरी शिल्लक आहेत, किंवा मूत्रपिंडे कमी पडताहेत, असा अर्थ निघतो. धाप, पाय सुजणे, कमी ऐकू येणे, दृष्टी मंदावणे अशा तक्रारी असतील तर त्या ‘वयामुळे’ म्हणून सोडून न देता हृदयाची सोनोग्राफी आणि कानांची तपासणी करून घ्यायला हवी. अलास्कातले अस्थिशल्यविशारद स्टीफन टॉवर यांच्याच खुब्यात एएसआर बसवलेला होता. कोबाल्टचा हृदयावर आणि मेंदूवर होणारा परिणाम त्यांनी स्वतःवर ओळखला आणि तो वैद्यकीय जगापुढे मांडला. रक्ताची तपासणी मात्र काटेकोर असावी लागते. साध्या स्टीलच्या सुईतूनही धातूचे सूक्ष्म अंश रक्तात उतरतात, म्हणून पहिले काही मिलिलिटर रक्त बाजूला टाकतात आणि पुढचे सूक्ष्म धातूंसाठीच्या खास नळीत घेतात. प्रत्येक वेळी प्रयोगशाळा तीच ठेवावी. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यातला एक आकडा आणि नंतरचे दोन-तीन, एवढ्या कागदांवर डॉक्टरला उपचार ठरवता येतो, आणि विष सांध्यातूनच येत होते हे त्याच कागदांवर दाखवता येते. आधीचा आकडा राहून गेला तर नंतर तो कोणत्याही पैशाने मिळत नाही.

सर्वांत मोठा पुरावा म्हणजे काढलेला सांधा. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरून कुठे जातो हे फार थोड्या नातेवाइकांना माहीत असते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार शरीरातून काढलेले धातूचे इम्प्लांट काचेच्या बाटल्यांबरोबर निळ्या खुणेच्या डब्यात टाकायचे असतात. म्हणजे कोणी काही मागितले नाही तर सगळे नियमाप्रमाणे होऊनही पुरावा संध्याकाळपर्यंत कचऱ्याच्या गाडीत गेलेला असतो. वाटीच्या कोणत्या कडेवर किती झीज झाली, हे सूक्ष्ममापनाने सांगता येते, आणि दोष रचनेत होता की बसवण्यात यावरचा अर्धा वाद त्या मापनावर सुटू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच लेखी अर्ज द्यावा: काढलेले सर्व भाग निर्जंतुक करून, मोहोरबंद करून, नाव-तारीख लिहून रुग्णाच्या ताब्यात द्यावेत आणि भोवतालच्या मांसाचा तुकडा तपासणीला पाठवावा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. कंपनीचा प्रतिनिधी सांधा ‘तपासणीसाठी’ मागायला आला तर छायाचित्रे आणि लेखी पावती घेतल्याशिवाय तो देऊ नये. वाद उभा राहणारच असेल तर सल्ला घेईपर्यंत देऊच नये. बरोबरीने जुनी फाइल मागवावी. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात लहान चिकटपट्ट्या असतात, त्यांवर उत्पादनाचा आणि बॅचचा क्रमांक छापलेला असतो, आणि थिएटरमध्ये त्या केस पेपरवर चिकटवल्या जातात. ती दोन बोटांएवढी पट्टी नसेल तर ‘माझ्या शरीरात एएसआर होता’ हे वाक्यसुद्धा सिद्ध करावे लागते. नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात असे आचारसंहितेत आहे आणि रुग्णाचा हा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केला आहे. फाइल नष्ट झालेली असेल तर तसे लेखी घ्यावे. जुने एक्स-रे, बिल, विम्याच्या कार्यालयात दिलेली कागदपत्रे यांतूनही कधीकधी सांध्याचे नाव निघते.

आता कायदा. २००५ पर्यंत भारतात शरीरात बसवायच्या वस्तूंवर औषधांसारखे नियंत्रणच नव्हते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या स्टेंटचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजल्यावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हाडांच्या इम्प्लांटसह काही वस्तू औषध कायद्याखाली आल्या. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, त्यांत सदोष माल परत मागवण्याची तरतूद आहे. पण बाजारात विकल्या गेलेल्या सदोष उपकरणामुळे इजा झालेल्या रुग्णाला किती आणि कशी भरपाई द्यायची, याचे कायमचे सूत्र त्यात नाही. उपकरणाच्या चाचणीत भाग घेतलेल्या माणसापुरती तशी तरतूद आहे, पैसे मोजून तेच उपकरण घेणाऱ्यासाठी नाही. एएसआरच्या रुग्णांसाठी अग्रवाल समितीने किमान २० लाखांची शिफारस केली आणि त्यानंतर वय व अपंगत्वाचे प्रमाण धरून सूत्र ठरले: त्यात वेदना आणि यातनांचे १० लाख वेगळे आणि कमाल रक्कम सुमारे सव्वा कोटीपर्यंत. रुग्णाने राज्याच्या समितीपुढे जायचे, समितीने अपंगत्व मोजायचे, अशी पद्धत होती. कंपनीने सूत्राला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि मे २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी तिथे दाखवली. पडताळणी झालेले, हे शब्द इथे निर्णायक आहेत. तुलनेसाठी सांगायचे तर अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ मध्येच कंपनीने सुमारे ८ हजार रिव्हिजन झालेल्या रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली होती. माणशी मूळ रक्कम अडीच लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दीड कोटींच्या आसपास.

एएसआर सोडून दुसऱ्या कोणत्याही इम्प्लांटच्या रुग्णाला मुख्य वाट ग्राहक आयोगाची. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि माझ्या मते आपल्या रुग्णाच्या हातात आलेले ते सर्वांत मोलाचे साधन आहे. त्याखाली उत्पादकाने हलगर्जी केली हे सिद्ध करत बसावे लागत नाही. रचनेत किंवा उत्पादनात दोष होता आणि त्याने इजा झाली एवढे दाखवायचे असते. उत्पादक परदेशी असेल आणि त्याला नोटीस बजावता येत नसेल तर इथल्या विक्रेत्याला जबाबदार धरता येते. आयातदारही विक्रेत्यातच मोडतो. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि कोणता आयोग हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या किमतीवर ठरते: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. म्हणून चंद्रपूरचा किंवा सावंतवाडीचा रुग्ण काही लाखांच्या शस्त्रक्रियेसाठी कोटीची भरपाईदेखील आपल्या जिल्ह्यात मागू शकतो. एका खाचेकडे लक्ष हवे. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायच्या वस्तूबाबत कंपनीने तज्ज्ञाला इशारा दिला असेल, तर ‘रुग्णाला इशारा दिला नाही’ या कारणावर ती सुटू शकते. तेव्हा तक्रारीचा भर रचनेतल्या दोषावर असावा. दुसरी खाच मुदतीची. कारण घडल्यापासून दोन वर्षे. शरीरात लपलेल्या दोषाबाबत मुदत तो कळल्यापासून मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतल्या एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात विचारात घेतले, पण त्याच निकालात रुग्ण हरली: पोटात राहिलेला गॉझचा बोळा नऊ वर्षांनी सापडला, ती स्वतः परिचारिका होती, इतकी वर्षे दुखत असताना तिने आधीच चौकशी करायला हवी होती, असे न्यायालय म्हणाले. मला हा निकाल कठोर वाटतो. तरी त्याचा व्यवहारातला अर्थ उघड आहे: दोषाचे लेखी निदान ज्या दिवशी हातात येते, त्या दिवसापासून कॅलेंडर मोजायला लागावे, आणि उशीर झालाच असेल तर विलंबमाफीच्या अर्जाला जोडायला प्रत्येक डॉक्टरभेटीचा कागद ठेवावा.

यावर पहिला आक्षेप शल्यविशारदांकडून येतो आणि तो पोकळ नाही. कोणताही कृत्रिम सांधा कायमचा नसतो, काही निकामी होणारच, आणि एएसआरच्या बाबतीत वाटीचा कोन डॉक्टरच्या हातावर होता. मग दोष उत्पादनाचा कसा? उत्तर एका रुग्णाच्या खुब्यात सापडत नाही, हजारोंच्या नोंदीत सापडते. ब्रिटनच्या मार्गदर्शक निकषानुसार चांगला खुबा दहा वर्षांत शंभरातले दहाच पुन्हा बदलावे लागतील इतका टिकायला हवा होता. इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत एएसआरचे पाचच वर्षांत बारा ते तेरा टक्के बदलावे लागले. शेकडो शल्यविशारदांच्या हातांतून एकाच सांध्याचे असे आकडे निघतात तेव्हा चूक हातांची म्हणता येत नाही. कोनातली नेहमीची चूक सहन न करणारी रचना, हाच तो दोष. तरीही केवळ आकड्यांवर विसंबून चालत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मे २०१८ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने याच कंपनीच्या ‘पिनॅकल’ या धातू-धातू खुब्याविरुद्धचा तीनशेहून अधिक रुग्णांचा दावा फेटाळला, कारण तो सांधा अपेक्षेपेक्षा जास्त निकामी होतो हे त्यांना सिद्ध करता आले नाही. एकाच कंपनीचे दोन सांधे, दोन वेगळे शेवट. म्हणून आपला सांधा नेमका कोणता, त्याचा बॅच क्रमांक काय, त्याची झीज कशी, या प्रश्नांना पर्याय नाही.

दुसरा आक्षेप असा की कंपनीने तपासण्यांचा आणि रिव्हिजनचा खर्च उचलला होता, मग आणखी भरपाई कशाची? खर्चाची परतफेड म्हणजे नुकसान जिथे सुरू झाले तिथवर मागे नेणे. पण रुग्ण तिथवर परत जात नाही. मेलेला स्नायू परत येत नाही. गवंडी, बसचालक, शेतकरी, दिवसभर उभी राहणारी शिक्षिका यांची कमाई रिव्हिजनच्या बिलात कुठेच दिसत नाही, आणि सहा महिने सेवा करणाऱ्या बायकोची किंवा मुलीची बुडालेली मजुरी तर कोणत्याच बिलात दिसत नाही. म्हणून डिस्चार्जनंतर दर महिन्याला किती पावले चालता येतात, जिना चढता येतो का, पायाची लांबी किती कमी भरते, हे फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्यावे. अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक भरत असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यावरच्या सवलती वेगळ्या मिळतात, पण मुख्य म्हणजे भरपाईचे सूत्र याच मोजमापावर चालते.

तिसरा आक्षेप उद्योगाचा: भरपाईचा धाक वाढला तर नवी उपकरणे भारतात येणार नाहीत आणि असलेली महागतील. यात थोडे तथ्य असू शकते. पण ऑस्ट्रेलियाकडे पाहा. तिथे १९९९ पासून सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, एएसआरचे आकडे वाईट असल्याचे तिने २००७ पासून दाखवायला सुरुवात केली, आणि जगाच्या आधी, डिसेंबर २००९ मध्ये, तो सांधा तिथल्या बाजारातून गेला. म्हणून त्या देशात खुबे बदलणे थांबले नाही. नोंदवही असली की दोष लवकर कळतो, कमी माणसे जखमी होतात आणि भरपाईची रक्कमही मुळात लहान राहते. कंपनीलाही ते स्वस्तच पडते. भारतात शल्यविशारदांच्या संघटनेने स्वेच्छेची नोंदवही चालवली आहे, २०१५ पासून उपकरणांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा सरकारी कार्यक्रमही आहे. पण प्रत्येक इम्प्लांटची सक्तीची नोंद आणि इम्प्लांट शरीरात असेपर्यंत फाइल जपण्याचे बंधन, या दोन गोष्टी नाहीत तोवर परत मागवल्याची सूचना रुग्णापर्यंत पोहोचणे नशिबावरच राहते. तीन वर्षांचा नियम बदलायला कोणते नवे तंत्रज्ञान लागत नाही, एक अधिसूचना लागते.

अग्रवाल समितीने खर्चाची परतफेड ऑगस्ट २०२५ पर्यंत चालू ठेवावी असे सुचवले होते. ती तारीख उलटून गेली. न सापडलेल्यांचे खुबे मात्र अजून चालताहेत किंवा दुखताहेत. २००४ ते २०१० या काळात ज्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि सांध्याचे नाव माहीत नाही, त्यांनी दुखत नसले तरी एकदा खुब्याचा एक्स-रे काढून सांधे बदलणाऱ्या शल्यविशारदाला दाखवावा. धातू-धातू सांध्याचा आकार जाणत्या नजरेला त्यात ओळखू येतो. संशय आला तर कोबाल्ट-क्रोमियमची रक्तचाचणी आणि धातूचा अडथळा कमी करणारा एमआरआय करून घ्यावा, आणि डॉक्टरचे मत तारीख-सहीनिशी लिहून घ्यावे.